माफ केलेला माणूस

हवालदारांना मिठी मारली जायची ती सभेच्या अगदी शेवटी. आधी सरकारच्या प्रमुखांचं भाषण, मग मास्तरांचं, आणि मास्तरांचं भाषण संपता संपता मिठी. मास्तर उजवीकडून येणार, हवालदारांनी जागचं हलायचं नाही, मान थोडी खाली ठेवायची आणि मास्तरांचा हात खांद्यावर पडला की तोंड कॅमेऱ्याकडे करायचं. समेट समितीच्या संयोजक बाईंनी हे सगळं त्यांच्याकडून रिकाम्या स्टेजवर घटवून घेतलं होतं. "हसू नका हो हवालदार," त्या म्हणायच्या. "तुम्हाला माफ केलंय. माफ केलेला माणूस असा दात काढतो का?"

आता एवढी जंगी माफी मिळायला या गृहस्थांनी केलं तरी काय होतं, असं कुणीही विचारेल. इथेच तर घोडं पेंड खातं. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

पोलिसात लागल्यापासून हवालदारांनी कुणावर हात उगारला नाही. उगारायची वेळ आली की त्यांना खोकल्याची उबळ यायची आणि ती वेळ टळेपर्यंत थांबायची नाही. चौकात वाहनं थांबवली, कोर्टाच्या दारात माणसांना रांगेत उभं केलं, हरवलेली पोरं घरी पोचवली, झालं. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा आपल्या दाराच्या कडीला लोक जास्त घाबरतात." वरिष्ठांनाही हे ठाऊक होतं. म्हणून गुडघा धरल्यावर त्यांना बसकी ड्यूटी दिली, मास्तरांच्या घरी.

मास्तर म्हणजे विरोधी पक्षाचे पुढारी. कधीकाळी शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलं. सरकारनं निवडणूक रद्द केली तेव्हा मास्तरांनी अर्धा देश रस्त्यावर आणला, आणि सरकारनं मास्तरांना त्यांच्याच घरात कोंडलं. खाली दारात बंदूकवाले. वर मास्तरांच्या खोलीबाहेर एक लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत हवालदार. त्या खोलीला रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी होती. आतून काचेची दारं, बाहेरून आडव्या पट्ट्यांच्या झडपा. काचेला कुलूप होतं आणि त्याची किल्ली हवालदारांच्या पट्ट्याला.

दोन माणसं वर्षानुवर्षं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड बसली की भिंत किती दिवस पुरणार? आधी दार किलकिलं झालं, मग खुर्ची उंबऱ्यावर आली, मग आत. दोघं पत्ते खेळायचे. मास्तर पत्त्यांत धडधडीत लबाडी करायचे आणि पकडले गेले की देशाच्या परिस्थितीवर बोलायला लागायचे. हवालदारांच्या गुडघ्याला कुठलं तेल लावावं यावर त्यांचं ठाम मत होतं. बरे दिवस होते म्हणवत नाही, कोंडलेला माणूस तो कोंडलेलाच. पण वाईट म्हणायलाही जीभ रेटत नाही.

त्या दिवसांत मास्तरांची आई गेली. अंत्ययात्रेला जायची परवानगी सरकारनं नाकारली. लोक काय कमी, त्यांनी अंत्ययात्राच वळवून मास्तरांच्या रस्त्यावरून आणायचं ठरवलं. वरून हुकूम आला की खिडकी लागलेलीच राहिली पाहिजे, मुलगा दिसता कामा नये, नाहीतर गर्दी आवरायची नाही. हवालदार "हो साहेब" म्हणाले. मग खालून लोकांचा आवाज यायला लागला तसे मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हवालदारांना ते बघवेना. खोकलाही नेमका त्या दिवशी आला नाही. त्यांनी किल्ली काढली, काच उघडली, आतूनच बोटानं झडपेची एक पट्टी वर केली. मास्तरांची उंची बेताची, म्हणून स्टूल लावलं. स्टुलाचा एक पाय लुळा, म्हणून ते स्वतः धरून बसले. मास्तरांनी आपली आई जाताना पाहिली, अगदी वळणापर्यंत. मग ते खाली उतरले आणि हवालदारांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.

खालून बघणाऱ्यांना मात्र खिडकी बंदच दिसली. लोकांनी त्या बंद झडपांवर फुलं फेकली. कुणीतरी त्याचा फोटो काढला. बंद खिडकी आणि खाली पडलेली फुलं, एवढाच. तो फोटो पुढे पक्षाच्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक पत्रकावर लागला. हवालदारांनी झाल्या प्रकाराची घरातही वाच्यता केली नाही. नोकरीचा प्रश्न होता, आणि खाली दारात उभ्या असलेल्या बंदूकवाल्या पोरांच्याही.

मग समेट झाला. सरकारला विरोधक संपवता येईनात, विरोधकांना सरकार पाडता येईना, दोघंही दमले आणि टेबलाशी बसले. सह्यांच्या दिवशी सभागृहाच्या दारात बंदोबस्ताला योगायोगानं हवालदारच होते. अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीतून मास्तर बाहेर आले, त्यांना एक ओळखीचा चेहरा दिसला, आणि त्यांनी सरळ येऊन हवालदारांना मिठी मारली. "गुडघा कसा आहे?" एवढंच विचारलं. कुठल्याशा वार्ताहरानं विचारलं हे कोण, मास्तरांचा कुणी कार्यकर्ता म्हणाला, त्यांचा पहारेकरी. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो, आणि वर ठळक अक्षरांत, "पहारेकऱ्याला क्षमा". क्षमा हा शब्द तोंडातून काढला कुणी, देव जाणे.

पण समितीला तो भलताच आवडला. समेट लोकांच्या गळी उतरवायचा तर लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे, सह्या काय दिसतात, असं संयोजक बाईंचं म्हणणं. सरकारचे प्रमुख आणि मास्तर गावोगाव एकत्र सभा घेणार होते. त्यात मिठी घातली गेली. हवालदारांना जुनी वर्दी चढवायला लावली. ती पोटावर बसेना, तर शिंप्याकडून मागून कापड घालून घेतलं. कॅमेरा पुढूनच असतो.

सुरुवातीला मास्तर नुसतं म्हणायचे, "हे माझ्या दारात बसायचे." पण मास्तर पडले हाडाचे शिक्षक, वर्ग कुठे ऐकतो आणि कुठे जांभया देतो हे त्यांना बरोबर कळायचं. दोन-चार सभांत गोष्टीनं अंग धरलं. खुर्ची आली, मग किल्ली आली. आणि एका गावी मास्तर म्हणाले, "माझी आई या खिडकीखालून गेली. किल्ली या माणसाच्या कमरेला होती. ती किल्ली हलली नाही." सगळं मैदान चित्रासारखं गप्प झालं. "आणि मी त्यांना माफ केलं," मास्तर म्हणाले, आणि उजवीकडून आले.

हवालदारांना आधी वाटलं, मास्तर विसरले, वय झालं. मिठीत त्यांनी हळूच म्हटलंसुद्धा, "मास्तर, स्टूल." मास्तरांनी खांदा घट्ट दाबला. विसरलेला माणूस असा दाबत नाही.

त्यानंतर त्यांना रस्त्यानं चालण्याची सोय राहिली नाही. एकानं चप्पल फेकून मारली. एक म्हातारी पुढ्यात उभी राहून थुंकली आणि वर म्हणाली, "मास्तरांनी माफ केलं म्हणून वाचलास." समितीनं त्यांच्या काळजीपोटी विश्रामगृहातल्या त्यांच्या खोलीबाहेर एक शिपाई बसवला, खुर्ची टाकून. खोलीची रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायला सांगितली. शिपाई भला होता, पण पत्ते खेळायला तयार नव्हता. वरिष्ठांना कळलं तर, म्हणाला.

हेही हवालदारांनी सोसलं असतं. पण घाव बसला तो लेकीच्या घरून.

लेक दुसऱ्या गावी दिली होती, तिथल्या दवाखान्यात नर्स होती. तिचा धाकटा दीर मोर्चात पकडला गेला होता आणि तुरुंगातून आला तो एक कान बहिरा होऊन. विहीणबाई मास्तरांच्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या. लग्नात त्या म्हणाल्या होत्या, "पोलीस असले तरी बिचारे गरीब आहेत." त्या अंत्ययात्रेत विहीणबाई स्वतः होत्या. झडपांवर फूल फेकणाऱ्यांत त्यांचाही हात होता. आता लेकीला मुलगी झाली होती, आणि हवालदारांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. बायको एकटी जाऊन आली आणि मान खाली घालून सांगायला लागली, "विहीणबाई म्हणतात, त्या माणसाची सावली माझ्या दारात नको."

लेकीचा फोन आला. "बाबा, खिडकी तुम्ही लावून ठेवली होती?"

हवालदारांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. किल्ली, झडप, लुळ्या पायाचं स्टूल. लेकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला खरं वाटतं. पण माझ्या एकटीला वाटून काय उपयोग? मी इथे सांगितलं तर म्हणतील, बापाची बाजू घेते. तुम्ही तिथे उभे राहून सांगा."

"मला बोलायला देत नाहीत गं."

"मग मागा. तुम्ही आजवर कुणाकडे काही मागितलंच नाही, हेच तुमचं चुकतं."

हवालदार संयोजक बाईंकडे गेले. बाईंनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि उठून दार लावलं. "कुलूप उघडलंत? कोणाच्या हुकमानं?"

"कोणाच्या नाही."

"म्हणजे कामात कसूर. तुमची चौकशी, आणि त्या दिवशी दारात जे जे होते त्या सगळ्यांची. खिडकी बंद ठेवलीत तर माफी आहे, हवालदार. उघडलीत त्याला माफी नाही. तशी सोयच करारात नाही." त्या वाईट नव्हत्या, त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही."

"मग मला निवृत्त तरी करा. वय कधीच उलटलंय."

"दौरा संपला की करू."

"दौरा कधी संपणार?"

"समेट झाला की."

"तो तर झालाय ना?"

"झालाय म्हणून तर दौरा आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं.

राहिले मास्तर. त्यांच्या मोटारीत पुढच्या सीटवर हवालदारांना बसवत, पण मागे सतत कुणी ना कुणी असायचं. एकदा घाटात गाडीचं चाक बसलं, बाकीचे उतरले, तेव्हा दोघांना जरा एकांत मिळाला. हवालदार मागे न वळताच म्हणाले, "मास्तर, मला नात झालीय. मला तिच्या घरात घेत नाहीत."

"मला काय हे गोड लागतं असं वाटतं तुम्हाला?" मास्तर म्हणाले. "माझीच माणसं विचारतात, सरकारशी हातमिळवणी कधीपासून होती? आतून काय काय मिळत होतं? आता मी म्हणालो की खिडकी उघडली होती, तर म्हणतील, बघा, आम्ही लाठ्या खात होतो आणि याला खिडकी उघडून मिळत होती. त्या फोटोपायी लोकांनी पोरं गमावलीत, हवालदार. तो फोटो मी खोटा कसा पाडू? मी गेलो तर समेट गेला. पुन्हा गोळ्या चालतील."

"माझ्या लेकीच्या गावी तरी सांगू नका."

"नाही सांगणार," मास्तर म्हणाले. "शब्द देतो." त्यांच्या आवाजात तो जुना, खोलीतला सूर होता, आणि हवालदारांनी विश्वास ठेवला. पत्त्यांतली लबाडी त्यांना त्या क्षणी आठवली नाही.

लेकीच्या गावी सभा बाजारपेठेतल्या मैदानात होती. पहिल्या रांगेत विहीणबाई, शेजारी बहिरा दीर, आणि कडेला लेक, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं. हवालदारांना स्टेजवरून नुसतं दुपटं दिसत होतं. वर्दीचं मागचं कापड घामानं पाठीला चिकटलं होतं. मास्तर रस्त्यांवर बोलले, शाळांवर बोलले, निवडणुकीच्या तारखेवर बोलले. शब्द पाळत होते बिचारे. भाषण आवरतं घेतलं आणि म्हणाले, "इथे माझे एक जुने सोबती आहेत."

मागून कुणीतरी ओरडलं, "खिडकी." मग दुसरा. मग सगळं मैदानच टाळ्यांच्या ठेक्यावर खिडकी, खिडकी करायला लागलं. दूरदूरहून माणसं आली होती ती तेवढं ऐकायला. मास्तरांनी हात वर केला, आवाज वाढला. त्यांनी एकदा हवालदारांकडे पाहिलं, एकदा सरकारच्या प्रमुखांकडे, आणि एकदा त्या मैदानाकडे. हवालदारांना त्या पाहण्यावरूनच कळलं. "माझी आई गेली," मास्तर म्हणाले, आणि मैदान गप्प झालं.

गोष्ट किल्लीपर्यंत आली तेव्हा विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. लेक बापाकडे बघत होती. आजवर हवालदार जागचे हलले नव्हते. आज हलले. मास्तर उजवीकडून यायच्या आत ते चार पावलं पुढे गेले आणि माइक धरला. संयोजक बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"खिडकी मी उघडली होती," हवालदार म्हणाले. "मास्तरांनी आईला बघितलं. वळणापर्यंत बघितलं. स्टुलाचा पाय लुळा होता, तो मी धरला होता."

आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं हवालदारांचं ऐकत होती. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. आता फक्त मास्तरांनी "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर.

मास्तरांच्या चेहऱ्यावर सगळं काही येऊन गेलं. मग त्यांनी हवालदारांच्या हातातून माइक घेतला, अगदी हळुवार, जसा आजाऱ्याच्या हातून पेला घ्यावा. "ऐकलंत?" त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "इतकी वर्षं या माणसाला त्याचं मन खातंय. रोज मनातल्या मनात ती खिडकी उघडत असेल हा. उघडून उघडून आता त्याला खरंच उघडली होती असं वाटायला लागलंय. याला अजून शिक्षा करायची म्हणता? याच्याहून मोठी शिक्षा कुठली?"

मैदान ढसाढसा रडायला लागलं. सरकारच्या प्रमुखांनीही चष्मा काढून पुसला. मास्तरांनी हवालदारांना मिठीत घेतलं, यावेळी उजवं-डावं न बघता, आणि माइक पाठीमागे धरून त्यांच्या कानाशी म्हणाले, "मला माफ करा, हवालदार. जमलं तर." हवालदारांना ते स्वच्छ ऐकू आलं. ते त्यांना एकट्यांनाच ऐकू आलं.

खाली उतरल्यावर गर्दी बाजूला करत विहीणबाई आल्या. त्यांनी हवालदारांचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे लाल झाले होते. "व्याही, आम्हीच दगड झालो होतो," त्या म्हणाल्या. "मास्तरांचं मन एवढं मोठं, आणि आम्ही कोण? झालं गेलं विसरून गेलो आम्ही. चला घरी. नात बघा."

समितीच्या बाईंनी तेवढ्यापुरती परवानगी दिली. शिपाई बरोबर आला आणि जिन्यात थांबला.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. विहीणबाईंनी हवालदारांना चांगल्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. आजाऱ्याशी बोलावं तशा सगळेजण त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. बहिऱ्या दिरानं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. लेकीनं तान्ही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. पोरीनं त्यांच्या वर्दीचं बटण मुठीत धरलं. किती दिवस हवालदार या एका क्षणासाठी झुरले होते, आणि आता तो आला तर त्यांना रडूसुद्धा येईना.

"खरंच बरं केलंत हो कबूल करून," विहीणबाई म्हणाल्या. "मनावरचं ओझं उतरलं असेल."

हवालदारांनी तोंड उघडलं. दाराशी लेक उभी होती. ती नुसती बघत होती. खरं बोलले तर पोर मांडीवरून उचलली जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

"हो," हवालदार म्हणाले. "उतरलं."

विहीणबाईंनी समाधानानं सुस्कारा सोडला. मग त्यांच्या कपाळावरचा घाम बघून सुनेला म्हणाल्या, "अगं, किती उकडतंय त्यांना. ती खिडकी उघड जरा."

लेक खिडकीपाशी गेली, कडीवर हात ठेवला आणि बापाकडे वळून पाहिलं.

"राहू दे," हवालदार म्हणाले. "लागलेलीच असू दे."